रंगाचा रकाना

मॅडमच्या उजव्या करंगळीचं नख ही कॉलेजची मालमत्ता आहे, असं त्या स्वतःच सांगायच्या. बाकीची नऊ नखं एकदम बारीक कापलेली आणि हे एकच वाढवलेलं. त्याला कधी पॉलिश नाही, मेंदी नाही. "पॉलिश लावलं की माप चुकतं," म्हणायच्या. "हिऱ्याचा कठीणपणा दहा धरला तर माणसाच्या नखाचा अडीच. नखानं ओरखडा उठला तर दगड अडीचच्या खाली, नाही उठला तर वर. एवढं स्वस्त यंत्र देवानं प्रत्येकाला दहा-दहा दिलंय आणि तुम्ही ते नाकात घालता!"

म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'अडीच मॅडम' ठेवलं होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर हेच नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. मॅडम आल्या, त्यांनी वाचलं, पुसलं नाही. खडू घेऊन खाली कंसात 'साधारणपणे' एवढंच लिहिलं आणि शिकवायला लागल्या. नख कुणाचं थोडं मऊ असतं, कुणाचं थोडं टणक, म्हणून हा शब्द. मोजमापाच्या बाबतीत त्या नेहमी 'साधारणपणे' म्हणायच्याच. देवाधर्माबद्दल, नवऱ्याबद्दल, प्राचार्यांबद्दल मात्र एकदम ठाम बोलायच्या.

गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेला जुना भोकाचा पैसा. तो त्यांच्या आजोबांचा होता म्हणे. नखानं भागलं नाही की पैसा, पैशानं भागलं नाही की पर्समधला खिळा, खिळ्यानं भागलं नाही की रुमालात गुंडाळलेली काच. कुठंही गेल्या तरी ही सगळी आयुधं बरोबर. मंडईत दोडक्याला नख लावायच्या, तर भाजीवाली ओरडायची, "ओ बाई, दगडं नव्हंत ती!" डब्यातली कडक भाकरी मोडायच्या आधी तिच्यावर करंगळी ओढायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "आज दोन. आमच्या आत्याच्या हातची असती तर अडीचला गेली असती." दगड चाटायच्या. खारट लागला तर सैंधव, जिभेला चिकटला तर चिकणमाती. प्रयोगशाळेचा शिपाई रोज दुपारी आम्हाला विचारायचा, "मॅडम जेवल्या का? का नुसतंच दगड चाटून ऱ्हायल्या?"

घरी त्या तेलुगू बोलायच्या. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, भावाचे चादरीचे माग. वर्गात मराठी बोलायच्या. पण उत्तर चुकलं की तोंडातून तेलुगूच निघायचं. "कादु, कादु!" म्हणजे 'ते नव्हे'. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला हे 'कादु' इतक्या वेळा आलं, की घरी झोपेत मी तेच बडबडत होतो असं आई सांगते.

मी भूगर्भशास्त्राकडं काही हौसेनं आलो नव्हतो. आम्ही होटगीचे. वडील रेल्वेत कीमन. म्हणजे रोज पहाटे हातोडा खांद्यावर टाकून ठरल्या टप्प्यात रूळ चालत जायचं आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या. अप्पांचं एकच स्वप्न होतं, ते ज्या रुळावरून चालतात त्यावरून मी गाडी न्यावी. मी बारावीनंतर आयटीआय केलं, अभ्यास केला, लोको पायलटच्या भरतीची लेखी परीक्षा पास झालो. आईनं पेढे वाटले. मग मेडिकल झाली. डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं धरलं आणि विचारलं, "कोणता आकडा दिसतो?" मला नुसते ठिपके दिसले. पान उलटलं, तर तिथंही ठिपके. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत हे मला एकविसाव्या वर्षी, त्या खुर्चीत बसून कळलं. त्याआधी मला वाटायचं, लोक रंगांची नावं उगीचच वाढवून सांगतात.

अप्पा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. स्टेशनवर सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "दोन मार्कांनी हुकलं पोराचं." आईला दम दिला, "डोळ्याचं कुटं बोलायचं न्हाई." मी सोलापूरला कॉलेजात गेलो, तर ज्या विषयाला जागा शिल्लक होत्या तो हा विषय. वर्गात सगळ्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठा मीच.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला पुढ्यात दहा दगड आणि हातात छापील तक्ता. तक्त्याचा पहिला रकाना 'रंग'. डोकं चालवलं आणि शेजाऱ्याच्या तक्त्यातून रंग उतरवून घेतले. पण त्याचे दगड वेगळ्या क्रमानं मांडलेले होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मॅडमनी माझा तक्ता बघितला, एक दगड उचलून माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "हा गुलाबी?" सगळा वर्ग हसायला लागला. मीही हसलो, दुसरं काय करणार! मॅडम हसल्या नाहीत.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. टेबलावर दोन खडू ठेवले आणि म्हणाल्या, "लाल कुठला?" मी दोन्ही खडू हातात घेऊन बघितले. शेवटी मी सगळं सांगून टाकलं, मेडिकल, ठिपके, दोन मार्क, सगळं. मला वाटलं, आता 'अरेरे' म्हणतील. तर त्यांनी टाळीच वाजवली.

"अय्यो, मग तू तर नशीबवान! अरे, या पोरांना मी घसा फोडून सांगते, रंगाकडं बघू नका, रंग सगळ्यात शेवटी. ऐकतच नाहीत. एक गारगोटी घे. पांढरी मिळते, गुलाबी मिळते, जांभळी मिळते, काळी मिळते. रंग म्हणजे दगडानं घातलेला शर्ट आहे. शर्टावरून माणूस ओळखतोस का तू? तुला तर मी हे सांगायचीही गरज नाही."

"पण तक्त्यात रंगाचा रकाना आहे, मॅडम."

"कोरा सोड. जे दिसत नाही ते लिहायचं नाही. उसनं आणून लिहिलंस तर वही फाडीन."

"मॅडम, हे कुणाला सांगू नका. वडिलांनी..."

"मी कशाला सांगू?" असं म्हणून त्या निघाल्याही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक थैली आणली. भावाच्या मागावरच्या चादरीचे उरलेले तुकडे जोडून शिवलेली, तोंडाला नाडी. आत दहा-पंधरा दगड. हात आत घालायचा, बाहेर काढायचा नाही, आणि आतल्या आत सांगायचं. पहिले काही दिवस मला नुसते दगडच लागत होते. मग हळूहळू फरक कळायला लागला. शंखजिरं बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागतं. गॅलेना, म्हणजे शिशाचा दगड, मुठीत धरला की मनगट खाली जातं, इतका जड. अभ्रकाचे पापुद्रे नखानं सुटतात. कॅल्साइट फुटला की त्याच्या तिरप्या विटाच होतात, कितीही बारीक करा, तुकडा तिरपाच; गारगोटी मात्र कशीही फुटते. फ्लोराइट पैशाला दाद देत नाही, पण खिळ्यापुढं हार मानतो, म्हणून त्याचा नंबर चार. दगड खडबडीत फरशीवर घासून त्याच्या भुकटीचा रंग बघायची एक चाचणी असते, तिथं माझी पुन्हा पंचाईत व्हायची. मॅडम म्हणाल्या, "मग लोहचुंबक लाव. वजन बघ. एक दार बंद असलं की माणूस खिडकीत जातो की." दिवाळीपर्यंत मी थैलीत हात घालून पंधरातले तेरा सांगायला लागलो. तेरावा बरोबर आला तेव्हा मॅडमनी डब्यातली शेंगाचटणी माझ्या तळहातावर ठेवली. दुसरं बक्षीस त्यांच्याकडं नसायचंच.

आता त्यांचा एक दोषही सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. खरं-खोटं तपासायच्या नादात समोरच्याचं काय होईल, याचं या बाईंना भानच राहायचं नाही. आमच्या भूगोलाच्या सरांनी घर बांधलं, वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. सरांना देवघराचं भारी कौतुक. "अस्सल संगमरवर आहे बरं का," असं येईल त्याला सांगत होते. मॅडम जेवत होत्या. ताटातली लिंबाची फोड घेऊन उठल्या, सरळ देवघरापाशी गेल्या आणि पायरीवर पिळली. अस्सल संगमरवर आंबटानं फसफसतो, म्हणून वाकून, कान लावून बारीक बुडबुडे ऐकले. मग तोंडभर हसून म्हणाल्या, "सर, अभिनंदन! अस्सल आहे. फसवलं नाही तुम्हाला!" संगमरवराची चकाकी त्या जागी कायमची गेली. अजूनही त्या डागावर सरांच्या बाईंनी समई ठेवलेली आहे. सगळा स्टाफ हसून-हसून बेजार झाला, आणि मीही हसलो. आपल्यावर लिंबू पिळलं जाईल तेव्हा कसं वाटेल, याचा विचार तेव्हा कोण करतो!

दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. आमच्या कॉलेजात एक परंपरा होती. वर्षानुवर्षं तेच दगड असल्यामुळं वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना यादी द्यायची: हिरवा तो ऑलिव्हिन, जांभळा तो फ्लोराइट, कोपरा फुटलेला तो अमुक. मला या यादीचा काही उपयोगच नव्हता. त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र आपले दगड घरून पिशवीत भरून आणले. चार नंबरचा दगड हिरवा होता म्हणे. चाळीसातल्या एकोणचाळीस जणांनी न घासता, न ठोकता लिहिलं, ऑलिव्हिन. मला तो नुसता मळकट दिसला. मी पैसा लावला, ओरखडा नाही. खिळा लावला, ओरखडा उठला. कडा बघितल्या, चार दिशांनी सपाट फुटलेला. मी लिहिलं, फ्लोराइट. बरोबर होतं. ऑलिव्हिन गारगोटीच्या जवळपास कठीण असतो, त्यावर खिळा काय करणार!

परीक्षक तिथंच पेपर बघत बसले होते, आम्ही दगड डब्यात भरत होतो. माझा तक्ता हातात घेऊन ते मोठ्यानं म्हणाले, "हा कोण महाभाग? रंगाचा रकाना दहाच्या दहा ठिकाणी कोरा! कॉपी करायला वेळ पुरला नाही वाटतं?"

मॅडम ताडकन उठल्या. "सर, तो रंगआंधळा आहे! लाल-हिरवं कळत नाही त्याला. आणि तुमचा चार नंबर वर्गात फक्त त्यानंच ओळखलाय. या बाकीच्यांना डोळे आहेत, म्हणून चुकले!"

आनंदानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. माझ्याकडं बघून त्यांनी 'शाबास' असा हातही केला. वर्गातल्या चाळीस जणांत आणखी एक होटगीचा होता. मी संध्याकाळी गाडीतून उतरलो तोवर स्टेशनभर बातमी झाली होती. बाकड्यावर बसलेल्यांपैकी एकानं मला रुमाल दाखवून विचारलं, "सांग की रं, लाल हाय का हिरवा?"

घरी अप्पा भिंतीला टेकून बसले होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बास झालं कॉलेज. मोडनिंबला हायवेवर मामाच्या वळखीचं टायरचं दुकान हाय. पयल्या तारखेपासनं जायाचं. टायर काळंच असतंय." खरं सांगतो, मला अप्पांपेक्षा मॅडमचाच राग आला होता. एवढी एक गोष्ट त्यांच्या पोटात राहिली नाही! दोन आठवडे मी घरातच पडून होतो. त्यांचे सात फोन आले, एकही उचलला नाही. मामानं मोडनिंबला राहायची सोय बघितली, आईनं माझे कपडे पिशवीत भरायला घेतले.

पहिल्या तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारच्या पॅसेंजरनं मॅडम उतरल्या. एकट्याच, काखेत चादरीची थैली. पत्ता विचारत-विचारत रेल्वेच्या क्वार्टरपर्यंत आल्या. दारातल्या पाट्यावर नकळत करंगळी ओढली आणि मग आत आल्या. आईनं पाणी दिलं. अप्पांनी मान वर केली नाही.

"मी बोलायला नको होतं," मॅडम म्हणाल्या. "यानं सांगितलं होतं मला. विसरले. मला दगडाचं कळतं, माणसाला कुठं लागेल ते कळत नाही."

अप्पा म्हणाले, "तुमी खोटं बोल्ला का?"

"नाही."

"मंग बसा. खोटं तर मी बोल्लो की बाई. दोन मार्कांचं. म्हणून हसत्यात मला."

मॅडम खाली बसल्या. कोपऱ्यातल्या हातोड्याकडं त्यांचं लक्ष गेलं आणि सगळी बोलणी विसरून त्यांनी विचारलं, "हा तुमचा? चावी ढिली झाली हे कसं कळतं?"

"आवाजावरनं की."

"दिसत नाही?"

"पहाटं काय दिसतंय, बाई? हातोडा घातला की तीच सांगती. घट असली की खणकन वाजती, ढिली असली की बद्द."

मॅडम उठल्या, अंगणात पडलेल्या, रुळाखालच्या खडीतले चार दगड उचलून आणले आणि ओळीनं मांडले. "यातला वाईट कुठला? हात लावायचा नाही, नुसतं ठोका."

अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, बाईला याड लागलंय की काय अशा नजरेनं. पण हातोडा घेतला. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबले. "ह्यो. आतनं किडलाय." वरून चारी दगड सारखेच दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "फोडा." अप्पांनी घाव घातला. दगड फुटला आणि आतून मऊ भुगा निघाला. मॅडमनी माझ्यासाठीही कधी वाजवली नव्हती अशी टाळी वाजवली. मग थैली पुढं केली. अप्पा नको-नको म्हणत होते, तरी हात घातलाच. "ह्यो जड हाय, लोखंडाच्या नात्यातला दिसतोय. ही गार लागती. हे काय, साबण हाय का काय?" आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

"नोकरी किती वर्षं झाली?"

"सत्तावीस."

"सत्तावीस वर्षांत रंगाचं काम किती वेळा पडलं?"

अप्पांनी विचार केला. माणूस सचोटीचा, उगीच होला हो करणार नाही. "लाल झेंडी असती संगं. रूळ तुटलेला दोनदा घावला, दोनदा दावली. त्या टायमाला पोराच्या हातात हिरवी आली असती, तर?"

"तर माणसं मेली असती," मॅडम म्हणाल्या. "म्हणून डॉक्टरांनी याला नको म्हटलं ते बरोबरच केलं. ते काम याचं नव्हेच. पण त्यात लाज कसली? माझ्या नखानं गारगोटीवर ओरखडा उठत नाही, म्हणून मी नख लपवून ठेवते का? तुम्ही सत्तावीस वर्षं कानानं रूळ सांभाळला. हा बोटांनी दगड ओळखतो. तुमच्याकडूनच आलंय हे त्याला. टायरच्या दुकानात काय करणार आहे तो त्याचं?"

अप्पा फुटलेल्या दगडाचे दोन तुकडे हातात घेऊन फिरवत राहिले. माझा राग कुठं गेला ते मला कळलंही नाही. या बाई माझ्यासाठी उन्हातान्हात गावभर पत्ता विचारत आल्या होत्या, आणि फोन न उचलणारा मी मान खाली घालून बसलो होतो.

पुढं काय झालं ते माझ्या कामावरून कळेलच. मी आता पाण्याच्या सर्वेक्षणाचं काम करतो. वैरागच्या बाजूला बोअर मारत असतील तर भोकातून वर येणारा भुगा बोटांत चोळून, दातांत धरून सांगतो, की मशीन कुठल्या थरात गेलंय. आमच्याही छापील तक्त्यात रंगाचा रकाना असतो. मी तो अजून कोराच सोडतो, बरोबरचा गडी भरतो. मॅडम निवृत्त झाल्या. महिन्यातून एकदा फोन करतात आणि 'कसा आहेस'च्या आधी 'आज काय चाटलंस' असं विचारतात.

पण मला आठवतो तो त्या रविवारचा संध्याकाळचा प्लॅटफॉर्म. चहा झाल्यावर अप्पांनी चपला घातल्या आणि मॅडमची थैली स्वतःच्या हातात घेतली. आम्ही तिघं स्टेशनवर आलो. बाकड्यावर तीच मंडळी बसलेली, रुमालवालाही होता. त्यानं विचारलं, "कोण वो पाव्हण्या?"

अप्पा थांबले. चारचौघांत मान वर करून बोलायचं त्यांनी गेले दोन आठवडे सोडलं होतं.

"पोराच्या मास्तरीण हाईत," ते म्हणाले, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आमच्या पोराला रंग कळत न्हाईत. लाल न्हाई, हिरवा न्हाई. मार्क-बिर्क कायबी कमी पडलं न्हवतं त्याला, मी खोटं सांगितलं. पर दगड कळतो. डोळं मिटून, पिशवीत हात घालून. एक बी चुकत न्हाई!"

बाकड्यावर कुणी हसलं नाही. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून खांबाच्या फरशीला करंगळी लावून बघत होत्या. वळल्याही नाहीत.

"साधारणपणे," त्या म्हणाल्या.

आणि अप्पा हसले. मेडिकलच्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो.